झरीची वरची वाट

पंचायतीच्या सभागृहात टेबलावर नकाशा पसरला होता. पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे रिकामे कप ठेवले होते. भोवती गावातली सात-आठ वयस्कर माणसं दाटीने उभी होती आणि प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं. फक्त सगुण गावस गप्प होता.

"सगुणदादा, शिंगाची झर नेमकी खंय होती, तेवढां माका दाखवा," नकाशा घेऊन आलेली गौरवी म्हणाली.

सगुणने चष्मा नाकावर वर सारला, बोट पुढे केलं, आणि ते नकाशावर वीतभर उंच तसंच अधांतरी राहिलं. हिरव्या-तपकिरी रेघांच्या त्या गुंत्यात त्याला ओळखीचं काहीच दिसेना.

"हंय खंयतरी," तो म्हणाला आणि त्याने बोट फिरवलं. त्या फिरवण्यात अर्धा डोंगर आला.

गोपाळ मोठ्याने हसला. "अरे, तुका साठ वर्सांपूर्वीच्या गायींची नावां पाठ आसत, आणि झर सापडणा नाय?"

सगळेच हसले. सगुणही हसला, पण त्याचे कान तापले. गावात कुणाच्या लग्नात पंगत कुठे बसली होती, कुणाचं शेत आधी कुणाकडे होतं, असं काही अडलं की लोक त्याच्याकडे येत. अडुसष्टाव्या वर्षी माणसाकडे फार काही उरत नाही. त्याच्याकडे ही एक गोष्ट होती. आणि आज चारचौघांत तीच उघडी पडली.

आंबेखोल हे डिचोलीपासून अकरा किलोमीटरवरचं गाव. एकेकाळी तिथे डोंगराच्या पोटातून तीन-चार झरी बारा महिने वाहायच्या. मग वरच्या अंगाला लोखंडाच्या खनिजाची खाण आली. खनिजावरची माती काढून ती आजूबाजूच्या घळींत ओतली गेली आणि मातीचेच डोंगर उभे राहिले. गावात त्यांना डंप म्हणतात. शिंगाची झर त्यांतल्याच एका डंपाखाली गेली. आता खाण बंद आहे, डंपावर अकेशियाची झाडं माजली आहेत, आणि गावाला फेब्रुवारी लागला की टँकरची वाट बघावी लागते. यंदा पंचायतीने बुजलेली झर उघडून बघायचं ठरवलं, आणि झरींच्या पाहणीसाठी गौरवी आली. ती पेडण्याकडच्या चोपड्याची, भूगर्भशास्त्र शिकलेली, रोज तासभर स्कूटर चालवत येणारी मुलगी.

अडचण एवढीच होती की पोकलेन एकच दिवस मिळणार होतं. जागा नेमकी हवी होती, आणि सांगणाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या जागा सांगितल्या होत्या. तिन्हींत दीडशे-दोनशे मीटरांचं अंतर. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. बायका झरीवर जायच्या त्या खालच्या वाटेने, आणि त्या वाटेवरचा आंबा, दगडी पायऱ्या, ओहोळ, सगळ्या खुणा डंपाच्या पोटात गेल्या होत्या. वरच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरून, झरीवर उतरायचे ते फक्त गुराखी. त्या गुराख्यांपैकी आता एकटा सगुण हयात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरवी त्याच्या घरी आली. या खेपेला तिच्या हातात नकाशा नव्हता. सगुणची बायको कमलाक्षी सोप्यावर बसून नारळ सोलत होती. तिने आतून चहा आणि पोयी, गव्हाचा पाव, आणून दिली आणि पुन्हा कामाला बसली.

"मी लग्न होवन इलंय तेव्हापासून बारा वर्सां त्या झरीचां पाणी व्हायलां," कमलाक्षी म्हणाली. "झरीच्या तोंडाक फातराचां शिंग होतां, गाईच्या शिंगासारखां. तेच्यातसून धार पडायची. पण आता माका दाखवूक सांगशीत तर खंय दाखवू? सगळां लाल मातीखाली गेलां." मग तिचा आवाज बदलला. "ज्या डायवरान ती झर पुरली, तेका शेवटाक घोटभर पाणी मिळाचां नाय."

हे वाक्य ती गेली तीस वर्षं बोलत आली होती. टँकरच्या रांगेत, नळाला सूं सूं वारा आला की, मे महिन्यात कपडे धुवायला नातेवाइकांकडे जाताना. सगुणला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. तो स्वतः खाणीवर टिपर चालवायचा हे खरं. पण खाणीवर वीस टिपर होते, मातीचे ढीग चार ठिकाणी पडत होते, आणि कमलाक्षी 'तो डायवर' म्हणायची तेव्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे कुणी परका माणूस असे.

गौरवीने पोयीचा तुकडा चहात बुडवला. "दादा, झरीचां सोडा. माका गायींचां सांगा. सड्यार जाताना सगळ्यांत पुढे कोणची गाय असायची?"

"चांदरी," सगुणच्या तोंडून लगेच निघालं. "कपाळार पांढरो ठिपको. कोणाचां म्हणून ऐकायची नाय."

"आणि तिच्या मागसून?"

"मोरी. मोरीचां आणि चांदरीचां पटायचां नाय, पण मोरीक तिच्याच मागसून जावक व्हया. मगे तांबू, गंगी, आणि वत्सलेच्या घरची ती लंगडी..."

चांदरीने मोरीला ओढून आणलं, मोरीने तांबूला. लंगड्या गाईपाशी तिचं मोडलेलं खूर आठवलं, त्या खुरावर बांधलेला पाला आठवला, आणि तो पाला चेचायला आई जो दगड वापरायची तो दगड. सगुण बोलत गेला. मधेच त्याला सड्यावर उन्हाळ्यात पिकणाऱ्या चुन्नां या रानफळांची आंबटगोड चव जिभेवर आली आणि तोंडाला पाणी सुटलं. काल नकाशापुढे ज्या डोक्यात ठणठणाट होता, त्याच डोक्यातून आता एकेक गोष्ट दुसरीचा हात धरून बाहेर येत होती. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"काल कसां काय आठवलां नाय?" त्याने विचारलं.

"काल मी तुमका जागा विचारली," गौरवी म्हणाली. "तुमच्याकडे ती जागा म्हणून ठेवलेली नसात. गायींबरोबर ठेवलेली असात. माझी आजी माशांची नावां विसरायची. पण आमी तिका विचारला, सुंगटांच्या जाळ्यात आणि काय गावायचां, की धडाधड दहा नावां सांगायची."

सगुणला ते पटलं. गावात तरी काय वेगळं असतं? एखाद्याचं घर क्रमांकाने शोधायला गेलं तर सापडत नाही. अमक्याच्या शेजारी, तमक्याच्या विहिरीमागे असं विचारलं की पोरसुद्धा नेऊन सोडतं.

"मगे उद्या सकाळी चला सड्यार," गौरवी म्हणाली. "झर सोधूया नको. चांदरी खंय जाता ती बघूया."

सड्यावर सकाळचं ऊन पसरलं होतं. वाळलेलं गवत गुडघ्याएवढं, मधे जांभ्या दगडाचे काळपट तुकडे, कडेने मोहरलेली काजूची झाडं. सगुण पुढे, गौरवी चार पावलं मागे. ती काही विचारत नव्हती. सुरुवातीला त्याला वाटलं की पाय चुकताहेत, कारण समोर वाट अशी नव्हतीच. मग त्याने बघायचं सोडून दिलं आणि नुसता चालू लागला, तेव्हा पाय आपोआप थोडे उजवीकडे वळले.

"हंय चांदरी थांबायची," तो एकदम म्हणाला.

समोर कंबरेएवढा जांभ्याचा दगड होता, शेवाळ वाळून करडा झालेला. "मान घासायची हेच्यार. पाठोपाठ सगळ्यो थांबायच्यो. मी हंय बसून करवंदां खाय होतंय. आणि मगे..." तो थांबला. त्याने नाक वर केलं, अगदी गाईसारखं. "मगे वारो खालसून इलो की तेंका पाण्याचो वास यायचो. मगे कोण थांबता? शेपट्यो वर करून धावत सुटायच्यो. अश्यो."

त्याने हात ज्या दिशेला केला तिकडे तीसेक पावलांवर सडा संपत होता आणि डंपाचा सपाट माथा सुरू होत होता. एक मोठी घळ होती तिथे. आता ती काठोकाठ भरलेली होती. दोघं त्या माथ्यावर गेली. पायाखाली लाल, घट्ट दाबलेली माती, तिच्यावर अकेशियाच्या पानांचा थर.

"उतारार पोचलां की समोर, घळीच्या पलीकडे, एक माट्टीचां, म्हणजे ऐनाचां, झाड होतां," सगुण सांगू लागला. "तेची एक फांदी उजवीकडे वाकलेली, कोपरासारखी. त्या फांदीच्या बरोबर खाली झर. आमी गुरां सोडून पयले त्या फांदीर चढाय होतों."

"तां झाड आसा?"

सगुणने अकेशियाच्या फांद्या हाताने बाजूला केल्या. पलीकडच्या धारेवर, डंपाने अर्धं गिळलेलं, एक वठलेलं झाड उभं होतं. फांदी होती. वाळून पांढरी पडली होती, पण कोपरासारखी वाकलेली, उजवीकडे.

गौरवी आनंदाने ओरडलीच. ती हातातल्या जीपीएस यंत्रावर जागेची नोंद घ्यायला पुढे धावली. सगुण मात्र तिथेच उभा राहिला. झाड बघून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. हे झाड त्याने लहानपणानंतरही पाहिलं होतं. कुठे, ते समजेना. त्याने मान वळवली, पाठ झाडाकडे केली, आणि आपण असं का केलं याचा विचार करायच्या आत त्याचा डावा हात उचलला गेला आणि हवेत धरलेल्या दांड्यासारखा खाली ओढला गेला.

रिव्हर्स गिअर.

मग सगळंच आलं. डिझेलचा वास. गोपाळची शिट्टी. गोपाळ तेव्हा डंपाच्या कडेवर उभा राहून टिपर मागे घ्यायच्या खुणा करायचा. 'येऊ दे, येऊ दे, बस!' आणि उजव्या आरशात एक झाड, एक फांदी वाकलेलं; पण आरशात ती फांदी डावीकडे होती. ती आरशाच्या मधोमध आली की ब्रेक दाबायचा, हा सगुणचा स्वतःचा हिशेब होता. नऊ महिने, दिवसाला चौदा-पंधरा खेपा, त्याने त्या फांदीवर नेम धरून माती ओतली होती.

तो खाली बसला.

खाणीकडून या माथ्यावर यायचा रस्ता तीन किलोमीटर वळसा घालून यायचा. वर सगळं सपाट, लाल, धुळीने भरलेलं. खाली काय आहे ते टिपरच्या केबिनमधून दिसत नसे आणि उतरून बघायला कुणी थांबत नसे. गुरं राखणारा पोरगा तेराव्या वर्षी हे रान सोडून म्हापशाला ट्रकवर क्लीनर म्हणून गेला होता. परत आला तो डायव्हर होऊन. पोराची झर एकीकडे राहिली, डायव्हरचा डंप दुसरीकडे. एकाच डोक्यात तीस वर्षं ही दोन घरं शेजारी नांदत होती आणि एकाचं दार दुसऱ्याकडे कधी उघडलं नव्हतं. की कुणी उघडू दिलं नव्हतं?

"दादा, बरां नाय वाटणा?" गौरवी पाण्याची बाटली घेऊन आली.

"ऊन लागलां," तो म्हणाला.

तिने विचारलं, जागेबद्दल खात्री आहे ना. तो म्हणाला, गायींची शपथ.

पोकलेन यायला आठ दिवस होते. गावात बातमी पसरली की सगुणने झर शोधली. लोक वाटेत थांबवून पाठीवर थाप मारू लागले. कमलाक्षी तर इतकी खूश झाली की तिने लेकाला, गौरेशला, तुयेच्या कारखान्यात कामावर असताना फोन करून सांगितलं. सगुण जेवताना मान वर करीत नव्हता. एकदा त्याने बायकोला हाक मारली, ती पदराला हात पुसत आली, आणि तो म्हणाला, "काय नाय, मीठ जरा कमी आसा."

ठरल्या दिवशी सकाळी अर्धा गाव डंपावर जमला. पोकलेन चालवणारा जयवंत कोल्हापूरकडचा, चंदगडचा. कमी बोलणारा, कामाला पक्का. गौरवीने वाकलेल्या फांदीच्या बरोबर खाली जागा आखून दिली आणि जयवंतने खणायला सुरुवात केली. माती निघत राहिली. लाल, मग पिवळी, मग पुन्हा लाल. दुपार झाली. बायका घरून आणलेली पेज प्यायल्या. जयवंतने यंत्र बंद केलं आणि खाली उतरला.

"न्हाई बघा," तो गौरवीला म्हणाला. "पाच मीटर गेलोय. कोरडा मुरूमच हाय. ओल आसती तर आतापत्तुर हाताला लागली आसती."

गौरवीचा चेहरा उतरला. गोपाळ, जो आता पंच होता, घड्याळ बघू लागला. लोकांची कुजबूज सुरू झाली. माणूस अडुसष्ट वर्षांचा, त्याच्या भरवशावर एवढं यंत्र आणलं. सगुणच्या कानावर ते येत होतं. फांदी तीच होती, झर फांदीखालीच होती. गुराख्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने दिलं होतं.

जयवंतने जाता जाता खड्ड्याची कड नीट करायला म्हणून यंत्राचा हात डावीकडे फिरवला. बादलीचे दात कशावर तरी घासले. खर्रर असा आवाज झाला, दगडावर लोखंडाचा.

सगुणने मान वर केली. तो आवाज त्याला माहीत होता. फक्त उलट बाजूने. टिपरच्या पोलादी तळावरून मोठे दगड घसरताना असाच आवाज यायचा. आणि त्या आवाजाच्या मागोमाग फोरमनचं बोलणं आलं, शब्दन् शब्द: 'सगुण, खाली ओल आहे, माती धरत नाही. आधी चार दिवस मोठे दगड टाक, मग माती.' दगड वरून सोडले की गडगडत जायचे. ते फांदीखाली थांबायचे नाहीत. घळ तिथे वळत होती, म्हणून पुढे जाऊन सखल भागात थडकायचे. आपटल्याचा आवाज वर ऐकू येईपर्यंत तो आकडे मोजायचा: एक, दोन, तीन, चार. झरीचं तोंड फांदीखाली, पण पाणी साचायचं ते पुढच्या सखल भागात. दगड तिथेच गेले होते, आणि दगडांच्या फटींतून पाणी अजून वाट काढत असणार. माती दाबून बसते. दगड पाणी अडवत नाहीत.

खाली ओल आहे. फोरमनने त्याला सांगितलं होतं. म्हणजे खाली पाणी आहे हे त्याला सांगितलेलं होतं.

"थांब," सगुण ओरडला. "यंत्र बंद करू नको. डावीकडे खण. सात-आठ मीटर पुढे. थंय मोठे फातर आसत, तेंच्या खाली पाणी आसा."

जयवंतने गौरवीकडे बघितलं. गोपाळ पुढे आला. "सगुण, आता पुरे कर. एकदा सांगितलंस, लोकांनी ऐकला. हेच्यापुढे कशावरसून सांगतंस?"

सगुणने सभोवार बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. बायकांच्या घोळक्यात, सगळ्यांत पुढे, कमलाक्षी होती.

"कशावरसून म्हणजे?" तो म्हणाला. "ते फातर मीच ओतलेत. माझ्या टिपरान. झर पुरली ती मी."

खालच्या शेतात एक टिटवी ओरडत होती, तेवढीच.

"आमी वीस जण होतों," गोपाळ हलक्या आवाजात म्हणाला. "शिट्टी मी मारी होतंय. हेणी एकट्यान..."

"ह्या डंपाच्या तोंडार मी होतंय," सगुण म्हणाला. "फोरमनान माका सांगितल्यान, खाली ओल आसा म्हणून. माका ठाऊक नव्हतां असां म्हणाक येणा नाय. ठाऊक होतां असांय म्हणाक येणा नाय. पण फातर थंय आसत. खण, जयवंत."

जयवंतने पुन्हा कुणाकडे बघितलं नाही. तो वर चढला आणि यंत्र सुरू केलं. दीड तासाने पहिला दगड निघाला, घमेल्याएवढा. मग त्याहून मोठे. चौथ्या दगडाच्या खालची बाजू काळी होती. जयवंतने बादली जमिनीवर टेकवली. गौरवी धावत गेली आणि तिने दगडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ती वळून सगुणला हाक मारणार होती, पण सगुण तिथे नव्हता. तो शेताच्या बांधावरून घराकडे चालत निघाला होता, आणि त्याच्या वीसेक पावलं मागून कमलाक्षी चालत होती. ती त्याला गाठत नव्हती आणि मागेही पडत नव्हती.

घरी कमलाक्षीने त्याला जेवण वाढलं आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. रागाने भांडी आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडी नेहमीसारखीच वाजत होती. तिसऱ्या दिवशी गौरवी आली, सांगितलं की खड्ड्यात हातभर पाणी साचलं आहे. अजून लाल आहे, पण उपसलं की पुन्हा भरतं. तिच्या हातात अहवालाचा कागद होता. त्यात माहिती कुणी दिली, त्याचा गावाशी संबंध काय, असे रकाने होते.

"दादा, हंय काय लिहू? गुराखी म्हणून लिहिलंय."

"डायवर म्हणूनय लिही," सगुण म्हणाला. "एकट्या गुराख्याक गावली नसती."

गौरवीने लिहिलं. जाताना ती घुटमळली. "मी तुमका सड्यार न्हेलां नसता तर..." ती म्हणाली.

"गो, तू काय केलंस? तू गायींचां विचारलंस," सगुण म्हणाला. "पाठोपाठ कोण येतलो तां कोणाक ठाऊक आसता?"

त्या आठवड्याच्या शेवटी गावातल्या बायका झरीवरचा गाळ काढायला गेल्या. कमलाक्षीही गेली. सगुण सोप्यावर बसून होता. ती दुपारी परत आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत लाल झाला होता. तिने पाय धुतले आणि नेहमीसारखी आत न जाता त्याच्यापासून हातभर अंतरावर, खांबाला टेकून बसली.

तिने पदराने तोंड पुसलं. मग तीच म्हणाली, "इतकी वर्सां मी तुझ्याच ताटासमोर बसून तुकाच शिव्या दिलंय."

"होय."

"तू मान हलवी होतंस."

"होय."

"माफ केलंय असां मी म्हणूचंय नाय," कमलाक्षी म्हणाली. "माका अजून तसां वाटणा नाय."

सगुणने मान खाली घातली. ती पुढे काय म्हणेल याची त्याने वाट बघितली, पण तिचं लक्ष त्याच्यावर नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत होती. नखांत लाल चिखल होता.

"शिंग गावलां नाय," ती म्हणाली. "फुटलां असतलां. पण त्याच्या खालची ती पाट्यासारखी शिळा गावली. मी तेच्यार हात ठेवलंय आणि माका पार्वती आठवली. वरच्या वाड्यावरची. बाळंतपणात गेली ती. तीस वर्सांत मी तिचां नाव काढूक नाय. ती त्या शिळेर बसून माका केस विंचरून देय होती. माझ्या पयल्या वर्साक, मी रडाय होतंय तेव्हा."

"तू रडायचंस?" सगुणने विचारलं. त्याला हे माहीत नव्हतं.

"घरात रडाक जागा खंय होती? सासू, नणंदा. सगळ्यो नव्यो सुनो झरीर रडायच्यो. पार्वती म्हणायची, लवकर रडून घे, घागर भरत इली." कमलाक्षी किंचित हसली, आणि हसता हसता थांबली. "तिका एक चेडू होतां, ल्हान पोर. त्याचां काय झालां कोणाक म्हायत?"

सगुणने विचार केला. पार्वतीच्या नवऱ्याचं नाव त्याच्या जिभेवर होतं, पण येत नव्हतं. त्याने नावाचा नाद सोडला आणि त्या माणसाकडे कुठली गुरं होती ते आठवायला लागला. त्याच्याकडे एक बैल होता, शिंगं रंगवलेला, जत्रेला न्यायचा तो. जत्रेत त्याच्याबरोबर एक मुलगी असायची, दोन वेण्या घातलेली.

"मांद्र्याक तिच्या मामाकडे न्हेली होती ती," तो म्हणाला. "न्हेली बैलगाडीतसून. प्रिया नाव तिचां."

"प्रिया," कमलाक्षी म्हणाली. तिने पाय लांब केले. "मांद्र्याक फोन करून विचारूक व्हया. गौरवीक तेंच्यातलां कोणतरी म्हायत असतलां. चोपड्यासून मांद्रे काय लांब नाय."

ती उठली, आत गेली, आणि फोन घेऊन आली. गौरवीचा नंबर लावायला तिने तो सगुणच्या हातात दिला, कारण तिचे हात अजून ओले होते.